वर्गातलं बक्षीस: कशासाठी द्यावं, किती द्यावं आणि कसं थांबवावं

भिंतीवरच्या तक्त्यात चमकदार तारे चिकटवायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यात वर्गाचं रूपच पालटतं. दुसऱ्या आठवड्यात मुलं एकमेकांचे तारे मोजू लागतात. तिसऱ्यात एखादं मूल वही पुढे करायच्या आधीच विचारतं, ‘बाई, याचे किती तारे?’ आणि महिनाभरात तक्ता धूळ खात पडतो. बहुतेक योजना अशाच विरतात. दोष मुलांचा नसतो, ताऱ्यांचाही नसतो. नेमक्या कोणत्या कृतीसाठी, किती आणि कुठवर, हे सुरुवातीलाच ठरलेलं नसतं.

सायकल शिकवताना आपण मागून कॅरिअर धरतो, बक्षीसही तसंच धरायचं असतं. धरलं नाही तर मूल बसायलाच तयार होत नाही, आणि सोडलंच नाही तर त्याला तोल कधी येत नाही. पुढची सगळी मांडणी या सोडण्याच्या तयारीने केलेली आहे.

आधी तपासा: अडतंय कुठे?

मूल काम करत नाही, याची तीन कारणं असू शकतात. त्याला ते येत नाही, येतं पण सवय नाही, किंवा त्यात काही अर्थ वाटत नाही. बक्षीस फक्त दुसऱ्या आणि काही प्रमाणात तिसऱ्या कारणावर चालतं. पहिल्यावर मात्र ते उलटतं, कारण न येणाऱ्या गोष्टीवर बक्षीस लावलं की मुलाला रोज नव्याने हरल्यासारखं वाटतं.

ओळखायची रीत सोपी आहे. मुलाला शेजारी बसवा, ज्या प्रकारची गणितं ते घरून करून आणत नाही त्यातली दोन द्या आणि काही न बोलता बघा. दोन्ही सुटली तर प्रश्न सवयीचा आहे. पेन्सिल पहिल्याच ओळीवर थबकली तर प्रश्न शिकवण्याचा आहे, तिथे बक्षिसाचा विषयच काढू नका.

अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेत २०० हून अधिक शाळांमध्ये हे मोठ्या प्रमाणावर तपासलं. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे दिले, गुण हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे २ डॉलर दिले. पुस्तक खरंच वाचलंय का, हे छोट्या चाचणीने पडताळलं जाई. तिथे, निदान सुरुवातीच्या निष्कर्षांत, वाचून समजण्याची क्षमता वाढलेली दिसली. पैसे दोन्हीकडच्या मुलांना हवेच होते. पण गुण वाढवण्यासाठी नेमकं काय करायचं, हे मुलांना ठाऊक नसतं. पुस्तक कसं वाचायचं, हे ठाऊक असतं. म्हणून पहिला नियम: बक्षीस निकालावर लावू नका, निकालाकडे नेणाऱ्या आणि मुलाच्या हातात असलेल्या कृतीवर लावा.

दुसरी खबरदारी आवडीची. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, चित्र झाल्यावर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेन पुन्हा मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या तुलनेत जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. जे मूल आपणहून गोष्टीची पुस्तकं वाचतं, त्याच्या वाचनावर तारे लावू नका. त्याला पुढचं पुस्तक द्या आणि त्यावर दोन मिनिटं गप्पा मारा.

पायरी १: पाच दिवस फक्त मोजा

योजना जाहीर करण्याआधी पाच शालेय दिवस काहीही न बदलता मोजणी करा. हजेरीच्या वहीमागे एक रकाना आखा आणि रोज खूण करा. हे टाळलं तर योजना चालली की नाही, ते कधीच कळत नाही.

समजा ४० मुलांच्या वर्गात गृहपाठ पूर्ण करून आणणाऱ्यांचे आकडे आले २२, २५, १९, २४, २०. सरासरी २२. पण सरासरीवर थांबू नका, नावानिशी पाहा. बहुतेकदा असं दिसतं की १२ मुलं रोज आणतात, ९ कधीच आणत नाहीत आणि उरलेली १९ कधी आणतात, कधी नाही. बक्षिसाची योजना खरं तर या मधल्या १९ जणांसाठी असते. त्या ९ जणांच्या बाबतीत वेगळं कारण शोधावं लागतं: घरी बसायला जागा नाही, गणित येत नाही, लहान भावंडं सांभाळावी लागतात. आणि रोज आणणाऱ्या १२ जणांना एकेकट्याला ‘मोबदला’ द्यायला सुरुवात करणं म्हणजे चालत्या सवयीला कुबडी देणं.

यातून वाट अशी काढता येते: वर्गाचं सामाईक लक्ष्य ठेवा. रोजचा आकडा २२ वरून २६ वर गेला आणि आठवड्यातले तीन दिवस टिकला, तर शुक्रवारी शेवटची २० मिनिटं वर्गाने निवडलेला खेळ. फळ्यावर फक्त आकडा लिहा, नावं लिहू नका. नावं लिहिली की त्या ९ मुलांवर मधल्या सुट्टीत सगळा वर्ग तुटून पडतो.

पायरी २: एकच वागणं, डोळ्यांना दिसणारं

‘चांगलं वागणं’, ‘मन लावून अभ्यास’, ‘शिस्त’ यांवर बक्षीस ठेवता येत नाही, कारण ते झालं की नाही यावर रोज वाद होतो. शब्द असे हवेत की दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही झालं-नाही झालं सांगता यावं. ‘तासाची तयारी’ म्हणण्याऐवजी म्हणा, ‘घंटा झाल्यावर दोन मिनिटांत वही-पुस्तक बाकावर, तारीख लिहिलेली’. ‘वर्गात सहभाग’ म्हणण्याऐवजी, ‘तासात एकदा हात वर करून उत्तर किंवा प्रश्न’. ‘नीट लिहिणं’ असेल तर, ‘लिहून झाल्यावर स्वतः वाचून तीन चुका शोधून पेन्सिलने गोल केल्या’.

शेवटचं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. शुद्धलेखनात चुका कमी करणाऱ्याला बक्षीस दिलं तर मुलं सोपे शब्द वापरून छोटी वाक्यं लिहू लागतात. चुका शोधण्याला दिलं तर चूक लपवण्याऐवजी ती पकडण्यात मजा येते.

पहिली पट्टी खाली ठेवा. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या दहापैकी आठ मुलांना निदान एकदा तरी जिंकता आलं पाहिजे. आठवड्यात दोनदा गृहपाठ आणणाऱ्या मुलासमोर पाचचं लक्ष्य ठेवलं, तर पहिला खाडा पडताच त्याचा आठवडा संपतो. तीन ठेवा, दोन आठवडे जमलं की चार करा. याच कारणाने ‘महिनाभर एकही सुट्टी नाही’ अशी बक्षिसं मला पटत नाहीत. मूल तीन तारखेला तापाने घरी राहिलं की उरलेल्या महिन्यात त्याला कमावण्यासारखं काही उरत नाही. कॅलिफोर्नियात सहावी ते बारावीच्या १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधी जाहीर केलेल्या पूर्ण-हजेरी पुरस्काराने सरासरी हजेरी वाढली नाही. अचानक दिलेल्या पुरस्कारानंतर तर ती घटली. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की पुरस्कारातून मुलांनी भलताच निरोप घेतला: ‘मी इतरांपेक्षा आणि अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय.’

पायरी ३: बक्षीस काय ठेवायचं

वस्तूंपेक्षा संधी बऱ्या. वस्तूंना खर्च येतो, त्यांची नवलाई ओसरते आणि पुढच्या वेळी मोठी वस्तू लागते. संधी शाळेतच तयार असतात. वर्गाला एका कागदावर लिहायला सांगा, ‘वर्गात मला काय करायला मिळालं तर आवडेल?’ उत्तरं वाचून त्यांतली आठ-दहा निवडा. बहुधा अशी येतात: दिवसभर आवडत्या जागी बसणं, फळ्यावर तारीख लिहिणं, गोष्ट कोणती वाचायची ते ठरवणं, रंगीत पेनाने एक पान लिहिणं, खालच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवणं, प्रयोगाचं साहित्य मांडायला मदत करणं.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी मांडलेलं तत्त्व इथे कामी येतं. मूल मोकळ्या वेळात जे आपणहून करतं, तेच त्याला कमी आवडणाऱ्या कामानंतर मिळालं की बक्षिसाचं काम करतं. म्हणजे बक्षीस शोधायला बाहेर जायची गरज नाही, मधल्या सुट्टीत मुलांकडे नीट पाहिलं तरी यादी तयार होते.

एक बक्षीस मात्र कधीही ठेवू नका: ‘गृहपाठ माफ’. त्यातून आपणच कबूल करतो की अभ्यास ही शिक्षा आहे आणि चांगल्या मुलाला ती भोगावी लागत नाही. खाऊही टाळावा. ॲलर्जी, दात, आणि भूक लागलेल्या मुलापुढे अटीवर खाऊ धरण्यातला अन्याय, एवढी कारणं पुरेत.

पायरी ४: टोकनचा हिशेब आधी कागदावर

टोकन म्हणजे बटण, पुठ्ठ्याचा गोल तुकडा किंवा कार्डावरची सही. ती साठवायची आणि ठरलेल्या दिवशी संधीशी बदलून घ्यायची. योजना इथेच सर्वांत जास्त फसते, आणि फसते ती निव्वळ गणितात.

‘दोन मिनिटांत तयार’ हे वागणं दिवसातल्या तीन तासांना मोजायचं ठरवलं. आठवड्याच्या पाच दिवसांत एका मुलाला जास्तीत जास्त १५ टोकन मिळतील. सरासरी १० धरा. ४० मुलांची मिळून आठवड्याला ४०० टोकन. सर्वांत स्वस्त संधी ५ टोकनला ठेवली आणि सगळ्यांनी सगळी टोकन तिथेच खर्च केली, तर आठवड्यात ८० संधी, म्हणजे रोज १६. प्रत्येकीला दोन मिनिटं लागली तरी रोज ३२ मिनिटं गेली, शाळेचा जवळजवळ एक अख्खा तास. दोन आठवड्यांत शिक्षकच कंटाळून योजना गुंडाळतात.

उपाय दोन. वेळ न खाणाऱ्या संधी, जसं जागा निवडणं किंवा रंगीत पेन, ५ टोकनला ठेवा. वेळ खाणाऱ्या १५ किंवा २० ला, आणि त्यांच्या रोज दोनच जागा. सगळ्यांत मोठी संधी ४० ची असावी, म्हणजे सरासरी मुलाला चार आठवडे साठवावं लागेल. याहून लांब ठेवू नका, लहान वर्गांत तर २० च्या वर जाऊ नका. मग किंमतपत्रक उलट बाजूने तपासा: आठवड्याला जेमतेम ५ टोकन मिळवणाऱ्या मुलाला पहिल्या शुक्रवारी काही घेता येतंय का? नसेल, तर ज्याच्यासाठी योजना आखली तेच मूल पहिल्याच आठवड्यात बाहेर पडलं.

दिलेलं टोकन परत घेऊ नका. गैरवागणुकीसाठी वेगळा नियम ठेवा. कमावलेलं हिसकावलं जातं हे एकदा दिसलं की मूल साठवणं सोडतं, आणि शून्यावर गेलेल्या मुलाकडून तुम्ही आणखी काहीच काढून घेऊ शकत नाही, हे त्यालाही लगेच कळतं. टोकनवर मुलाची आद्याक्षरं आणि तुमची खूण असू द्या, नाहीतर देवघेव, उधारी आणि दमदाटी सुरू होते.

पायरी ५: देताना काय बोलायचं

टोकन शब्दांविना देऊ नका. पुढे टोकन जाणार आहे, शब्द राहणार आहेत. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: मुलाने काय केलं, त्याने काय झालं आणि नाव. ‘शाब्बास, हुशार आहेस’ यातून मुलाला काहीच कळत नाही. ‘समीर, उत्तर चुकलंय कळल्यावर तू खोडून टाकलं नाहीस, कुठे घसरलं ते शोधलंस, म्हणून पुढची दोन बरोबर आली’ यातून त्याला उद्या काय करायचं ते कळतं.

हुशारीचं कौतुक टाळण्यामागे कारण आहे. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत साधारण पाचवीच्या मुलांना कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहात’ आणि काहींना ‘मेहनत घेतलीत’ असं सांगितलं. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली आणि आपले गुण फुगवून सांगण्याकडे त्यांचा कल जास्त दिसला. मात्र मेहनत न घेता सहज जमलेल्या कामाला ‘किती मेहनत घेतलीस’ म्हणू नका. मुलांना खोटं कौतुक लगेच ओळखू येतं. अशा वेळी सरळ म्हणावं, ‘हे तुला सोपं गेलं, आता जरा अवघड देते.’

वेळ फार महत्त्वाची. शिकागो परिसरातल्या शाळांत लेविट, लिस्ट आणि सहकाऱ्यांनी चाचणीच्या तोंडावर बक्षीस जाहीर केलं. चाचणी संपताच मिळणाऱ्या बक्षिसाने मुलांनी जोर लावला. तेच महिनाभराने मिळणार म्हटल्यावर परिणाम उरला नाही. वर्षअखेरीच्या समारंभातली ढाल दुसरीतल्या मुलाला जूनमध्ये हलवू शकत नाही. पहिली-दुसरीत टोकन त्याच तासात आणि बदली त्याच दिवशी, तिसरी-चौथीत आठवड्यातून दोनदा, पाचवीपासून आठवड्याला एकदा चालते. मोठ्या मुलांचं कौतुक चारचौघांत करताना जपा. आठवीतल्या कितीतरी मुलांना सर्वांसमोरची शाबासकी शिक्षेसारखी वाटते. वहीत दोन ओळी लिहा किंवा तास संपल्यावर बाकाजवळ जाऊन सांगा.

गटाचा खेळ: गोंगाटी वर्गासाठी

१९६९ साली बॅरिश, साँडर्स आणि वूल्फ यांनी चौथीच्या वर्गात केलेला एक खेळ आजही जगभर वापरला जातो. वर्गाचे दोन गट, फळ्यावर दोन रकाने. नियम मोडला की त्या गटाच्या रकान्यात खूण. कमी खुणांचा गट जिंकतो, पण दोन्ही गट ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिले तर दोघेही जिंकतात. ही शेवटची अटच खेळाचा प्राण आहे. ती काढली की उरते निव्वळ स्पर्धा, आणि मागे पडलेला गट दहाव्या मिनिटाला हात टेकतो.

तुमच्या वर्गात चार-पाच गट करा, प्रत्येकात शांत आणि चुळबुळी मुलं मिसळून. तीनच नियम फळ्यावर लिहा. पहिल्या आठवड्यात तीनदा, फक्त १० मिनिटं, मुलं स्वतंत्र काम करत असताना खेळा. मर्यादा चार खुणा. खूण करताना शांतपणे म्हणा, ‘गट दोनला एक, परवानगीशिवाय जागा सोडली.’ मुलाचं नाव घेऊ नका, रागाने पाहू नका. हळूहळू वेळ ३० मिनिटांवर न्या.

एखादं मूल मुद्दाम गटाला हरवतंय असं दिसलं, तर त्याला काही दिवस एकट्याचाच गट करा, गटाला शिक्षा होऊ देऊ नका. बहुधा ते तीन-चार दिवसांत परत यायचं म्हणतं.

मूळ प्रयोगात मधेच खेळ थांबवला तेव्हा गडबड पुन्हा पहिल्यासारखी झाली. एका झटक्यात बंद केलेली कोणतीही योजना अशीच कोसळते. म्हणून पुढची पायरी.

पायरी ६: सोडण्याचं वेळापत्रक

हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा आणि मुलांनाही सांगा: ‘ही टोकनं सवय लागेपर्यंतच आहेत.’ तीन तासांच्या उदाहरणात आठ आठवडे असे जातील.

पहिले दोन आठवडे प्रत्येक तासाला टोकन. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवसअखेर तीनांपैकी एका तासाची चिठ्ठी काढा. त्या तासाला जी मुलं तयार होती त्यांना दोन टोकन. कोणता तास निघेल हे माहीत नसल्याने तिन्ही तासांना तयारी होते, आणि तुमचं वाटप मात्र एकदाच. खुणा मात्र तिन्ही तासांच्या करायच्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यात चिठ्ठी आठवड्यातले दोनच दिवस, तेही आधी न सांगता. सातव्या आठवड्यात टोकन बंद, मुलंच स्वतःच्या कार्डावर खूण करतात आणि तुम्ही अधूनमधून पडताळता. आठव्यात साठलेली टोकनं संपवायची आणि कार्डही बंद. शेवटची तारीख दोन आठवडे आधी सांगा, नाहीतर साठवणारी मुलं फसवल्यासारखी रुसतात, आणि त्यांचं रुसणं बरोबरच असतं.

पुढच्या टप्प्यावर तारखेने जाऊ नका, आकड्याने जा. दुसऱ्या आठवड्याअखेर ३४ मुलं वेळेत तयार होत असतील आणि चौथ्यात ३१ च्या खाली घसरली, तर एक टप्पा मागे या, आणखी एक आठवडा तिथेच थांबा. दोनदा मागे येऊनही आकडा सावरत नसेल, तर बक्षीस वाढवू नका. तासाची पहिली पाच मिनिटं बदलून पाहा. फळ्यावर आधीच लिहून ठेवलेलं एक कोडं किंवा चित्रावरचा एक प्रश्न असेल, तर वही उघडायला मुलांना कारण मिळतं. टोकन कमी होतं तसं ते कारण वाढत गेलं पाहिजे.

एकट्या मुलासाठी कार्ड

सगळ्या वर्गाची योजना चालूनही दोन-तीन मुलं जागची हलत नाहीत. त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढं कार्ड करा: उभ्या रकान्यात दिवसाचे तास, आडव्यात दोनच वागणी, प्रत्येक चौकटीत ०, १ किंवा २. सकाळी दोन मिनिटं भेटून कार्ड द्यायचं, प्रत्येक तासाअखेर शिक्षकाने आकडा लिहायचा, शाळा सुटताना दोन मिनिटं पुन्हा भेटायचं. सहा तासांचे जास्तीत जास्त २४ गुण होतात. पहिल्या आठवड्याचं लक्ष्य मुलाच्या आत्ताच्या सरासरीहून दोन-तीन गुण जास्त, हळूहळू १९-२० पर्यंत.

कार्ड घरी पाठवायचं तर पालकांशी आधी बोला. कमी गुणांवर घरी मार किंवा बोलणी बसणार असतील, तर कार्ड शाळेतच ठेवा. अशा घरात मूल ते हरवतं किंवा आकडे बदलतं. आणि सकाळची ती दोन मिनिटं वेळ नाही म्हणून गाळू नका. या कार्डात मुलाला सर्वांत हवी असते ती हीच भेट. काही मुलं कार्ड बंद झाल्यावरही सकाळी दारात येऊन उभी राहतात. त्यांना आत घ्या.